टाकेवाडीच्या पंधरा पिशव्या

मल्हारी पगारेने वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत दोन गोष्टी जीव ओतून घडवल्या होत्या. एक त्याची सही, आणि दुसरं बावीस प्रश्नांचं एक पत्रक. सहीचं कौतुक निदान त्याच्या आईला तरी होतं. पत्रकाचं कुणालाच नव्हतं, आणि हे दुःख पोटात घेऊन तो रोज नाशिकरोडच्या वसाहतीतून एस.टी.ने निफाडकडच्या शाखेत यायचा, बँकेची लूना काढायचा आणि शेती अधिकारी म्हणून गावं पालथी घालायचा.

साल ब्याऐंशी. नाशिक जिल्ह्याला तेव्हा द्राक्षांचं वेड लागलेलं. कालपर्यंत बाजरी खुरपणारा माणूस आज मांडवाच्या तारा कुठे मिळतात ते विचारत फिरत होता. बँकेत अर्जांचा ढीग पडला होता, आणि त्या ढिगामागे शाखेचे मॅनेजर कुलथेसाहेब पान चघळत निवांत बसलेले असत. त्यांची कर्ज देण्याची पद्धत साधी होती. अर्जदार समोर आला की आधी त्याच्या वहाणा बघायच्या, मग तळहात बघायचे, मग विचारायचं, "बैल कुठल्या बाजारातून घेतला?" उत्तर कसं येतं त्यावरून माणूस कळतो, असं ते म्हणत. मल्हारीला सगळ्यात जास्त राग याचा यायचा, की त्यांचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघे.

"साहेब, माणूस लाखाचा असेल, पण जमिनीनं दगा दिला तर?" मल्हारी म्हणायचा. "पाटाच्या पाण्यानं जमिनी खारवायला लागल्यात. कुठे थंडीनं वेल जळतात, कुठे गारपिटीचा पट्टा आहे. पैसे देण्याआधी निसर्गाचा धोका तपासायला नको?"

राहुरीहून शेतीची पदवी घेऊन आलेला हा पोरगा हे वाक्य आठवड्यातून तीनदा तरी म्हणायचा. शेवटी एक दिवस कुलथेसाहेबांनी हात टेकले.

"टाकेवाडी घे. पंधरा अर्ज आलेत. तुझ्या पत्रकानं निवडून दाखव. जमलं तर मी स्वतः वर पाठवतो. नाही जमलं तर ही तुझी बावीस लेकरं गुपचूप कपाटात झोपवायची आणि पुन्हा त्यांचं नाव काढायचं नाही."

मल्हारीने त्याच रात्री पत्रकाच्या शंभर प्रती काढायचं ठरवलं होतं. शिपायाने त्याला समजावून वीसवर आणलं.

टाकेवाडीत सोसायटीच्या ओट्यावर सभा झाली. मल्हारी पाऊण तास बोलला. मातीचा नमुना कसा घ्यायचा, वावरात पाच ठिकाणी कसं खणायचं, सगळी माती कशी मिसळायची, मग त्यातली किलोभर पिशवीत कशी भरायची, हे त्याने खडूने फळ्यावर चित्र काढून सांगितलं. सोसायटीचे चेअरमन पुंजारामतात्या शिंदे मान डोलवत होते. मल्हारीची लूना वळणापलीकडे गेल्यावर त्यांनी त्या पाऊण तासाचं सार गावाला सांगितलं.

"बँक आपली माती बघायला येनार हाय. पोरगी बघायला येत्यात तशी. गावाचं नाक कापलं जाईल आसं कुनी करू नका."

एवढं पुरे होतं. टाकेवाडीला दाखवण्याचा कार्यक्रम कसा करायचा ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यात मल्हारी घरोघर हिंडला. पत्रक काढून बसायचा, एकेक प्रश्न विचारायचा आणि टोकदार अक्षरात उत्तरं लिहायचा. एका बाईंच्या घराला कुलूप होतं, त्यांचं पत्रक त्याने ओट्यावरच भरून घेतलं; बाकी चौदा घरी चहा व्हायचा, आणि तोही निळ्या फुलांच्या चिनी मातीच्या कपबशीत. मल्हारीला गावाचं फार कौतुक वाटलं. एकोणिसाव्या प्रश्नापुढे, म्हणजे राहणीमानापुढे, त्याने त्या चौदाही फायलींत लिहिलं, 'घरात उत्तम चिनी कप.' एक मात्र त्याच्या मनाला लागायचं. दरवेळी टवका उडालेली बशी त्याच्याच वाट्याला यायची. नशीबच तसलं, असं म्हणून तो चहा पिऊन टाकायचा.

ठरल्या दिवशी पंधरा पिशव्या जमा झाल्या आणि प्रयोगशाळेत गेल्या. निकाल आला तेव्हा मल्हारी खुर्चीत बसूच शकला नाही. चौदा नमुने अव्वल. काळीभोर, भुसभुशीत, खाराचा पत्ता नाही. आणि आकडेही सगळ्यांचे जवळजवळ सारखे! त्याने अहवालात खास एक परिच्छेद घातला, 'गावातील जमिनीची एकसारखी उत्कृष्ट प्रत हे टाकेवाडीचे वैशिष्ट्य मानावे लागेल.' नापास झाला होता फक्त पंधरावा नमुना, सुलाबाई गोटीराम जाधव यांचा. चोपण, म्हणजे खारानं बिघडलेली जमीन. पत्रकाच्या शेवटी मल्हारीने स्वतः ठळक अक्षरात नियम लिहिला होता, की नमुना चोपण निघाला तर द्राक्षासाठी कर्ज नाही. त्यात फेरविचाराला जागा ठेवली नव्हती. जागा ठेवली असती तर ते शास्त्र कसलं?

कुलथेसाहेबांनी अहवाल दोनदा वाचला, पान थुंकून आले आणि म्हणाले, "पगारे, मी उगाच तुला हसत होतो रे." मल्हारीच्या कानात हे वाक्य दिवसभर वाजत राहिलं. विभागीय कार्यालयातून फोन आला. सोमवारी विभागाचे साहेब स्वतः टाकेवाडीला येणार, पत्रकाचा प्रयोग बघणार, आणि बरा वाटला तर जिल्हाभर लावणार. मल्हारीने घरी जाऊन आईला सांगितलं. आईने विचारलं, पगार वाढेल का? तो म्हणाला, तुला नाही कळायचं.

राहिलं होतं एकच काम, सुलाबाईंना नकार कळवायचा. शनिवारी सकाळी तो त्यांच्या वावरात पोचला. वावर गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याला लागून. बापाला दुसरं मूल नव्हतं म्हणून जमीन सुलाबाईंच्या नावावर आली होती. नवरा गोटीराम ओझरच्या विमानांच्या कारखान्यात पाळ्या करायचा, वावराला मिळायचा तो फक्त रविवारी.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका," मल्हारीने घसा साफ करत सुरुवात केली. "तुमची माती नापास झाली."

"मंग व्हनारच की!" सुलाबाई खुरपं खाली ठेवत म्हणाल्या. "त्या वरच्या कोपऱ्यातली हाय ती. तिथं गवतसुद्दा धड येत नाय."

"कोपऱ्यातली? मी पाच ठिकाणची सांगितली होती."

"सांगितली व्हती. पन मला वाटलं, तपासायचंच हाय तर खराब तेवढीच न्यावी. दवाखान्यात गेल्यावर दुखतंय तिथंच दावायचं ना सायेब? का चांगला हात पुढं करायचा?"

राहुरीला चार वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"मग बाकीचं वावर कसं आहे?"

"या की, दावते."

बाईंनी त्याला वावरभर फिरवलं. तीन वर्षांपूर्वी सगळी जमीन पांढरी पडली होती. वरच्या वावरांतून उसाला सोडलेलं पाटाचं पाणी जमिनीतून झिरपत खाली यायचं आणि मीठ वर फुटायचं. मग नवराबायकोंनी मिळून रविवार-रविवार करत नाल्यापर्यंत छातीएवढा खोल चर खणला. खार धुऊन काढला, ताग पेरून गाडला. पहिल्या वर्षी काही आलं नाही. दुसऱ्या वर्षी मेथी आली. आता झेंडू उभा होता, आणि चराच्या कडेला द्राक्षाचे वीस वेल, दोन वर्षांचे, पानं हिरवीगार.

"हे वेल कशाला लावलेत?"

"बघाया. जगत्यात का मरत्यात. जगले म्हनून तर अर्ज केला. अर्ध्या एकराचाच केलाय, तेवढीच जमीन सुधारली. तो कोपरा सुधारल तवा त्याचं बघू."

मल्हारीला अस्वस्थ वाटायला लागलं. नियमाप्रमाणे या बाईंना पैसे नाहीत. नियम त्याचाच, सहीही त्याचीच. वहाणा बघणाऱ्या कुलथेसाहेबांनी इथे डोळे झाकून कर्ज दिलं असतं, हा विचार मनात आला तसा त्याने तो झटकून टाकला.

बाईंनी झोपडीपाशी चूल पेटवली आणि चहा केला. अ‍ॅल्युमिनियमच्या कपात दिला, कान तुटलेल्या. काहीतरी बोलावं म्हणून मल्हारी हसत म्हणाला, "सगळ्या गावात निळ्या फुलांचे कप मिळाले, तुमच्याकडेच नाहीत वाटतं."

"त्या कपबश्या व्हय! त्या भिकनभाऊच्या घरच्या. सहाच हायेत. कुनाची पोरगी बघायला पाव्हणे आले, मास्तर आला, सायेब आला, की त्याच गावभर फिरत्यात. मी नाय आनत. फुटली तर भिकनच्या बायकोची बोलनी कोन खाईल? एकीचा टवका उडालाय, त्याची कटकट आजून चालू हाय."

मल्हारीचा चहा तोंडातच राहिला. चौदा घरं. एकच बशी. चौदा नमुने, आणि आकडे सगळ्यांचे सारखे. त्याने कप हळूच खाली ठेवला.

"ताई, भिकनचं वावर कुठलं?"

सुलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग चुलीकडे पाहिलं. "आंब्याच्या वरलं," त्या म्हणाल्या. "मी काय बोलले नाय हां."

गावातलं सगळ्यात चांगलं वावर भिकनचं होतं, हे गावात शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. फक्त मल्हारीने बावीस प्रश्नांत ते कुणाला विचारलं नव्हतं. आंब्याच्या सावलीत, बांधाला लागून, गुडघ्याच्या वर येईल एवढा खड्डा होता. कडेला भिकन उभा होता. मऊ स्वभावाचा माणूस, मल्हारीला पाहून त्याने दोन्ही हात जोडले.

"सायेब, मी किलो-किलोच न्या म्हनलं व्हतं. पन जो तो घमेलं भरून न्यायला लागला. म्हनले, त्यातली निवडून चांगली बँकेला देतो. नाय कसं म्हननार? गावाच्या इज्जतीचा सवाल व्हता."

"आणि तुमचीही पिशवी यातलीच?"

"आता माझं वावर हाय, मी कुठनं आननार?"

म्हणजे चौदातला एक माणूस तरी खरा निघाला. बाकी तेरा जणांची घरं आपण हिंडलो, मान डोलवत लिहीत बसलो, 'टाकेवाडीचे वैशिष्ट्य' म्हणून परिच्छेद लिहिला! मल्हारीला इतकी लाज वाटली की रडावं की हसावं कळेना. काहीतरी बडवून काढावं असं वाटलं, म्हणून त्याने भिकनची कुदळ ओढून घेतली, पँट वर केली, खड्ड्यात उतरला आणि खणायला लागला. शास्त्र वगैरे काही नव्हतं त्यात. निव्वळ संताप होता.

हातभर खाली गेल्यावर कुदळ चिखलात रुतली. खड्ड्याच्या तळाला पाणी जमायला लागलं. पावसाळा संपून चार महिने झाले होते आणि जवळपास विहीरही नव्हती. मल्हारीने बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थू केलं. मग भिकनलाही चाखायची खूण केली. भिकननेही बोट बुडवून चाखलं, आणि त्याचं तोंड उतरलं.

"खारट हाय ओ!"

"पाटाचं आहे. खालून चढतंय. वर यायला दोन वर्षं लागतील, फार तर चार."

"माझ्या वावरात?" भिकन बांधावर मटकन बसला. गावातलं सगळ्यात चांगलं वावर त्याचं होतं, आणि गावात याहून दुसरी ओळख त्याला नव्हती. मल्हारीचा राग कुठल्या कुठे गेला. चिखलाच्या पायांनी तो त्याच्या शेजारी बसून राहिला.

दुपारी त्याने कुलथेसाहेबांना सगळं सांगितलं. साहेब पोट धरून हसले, मग डोळे पुसले.

"सोमवारी काय करणार?"

"तेच विचारायला आलो."

"गप्प बसलास तर चौदा मांडव उभे राहतील. दोन हंगाम द्राक्षं लागतील, फोटो निघतील. वेल पिवळे पडेपर्यंत माझी बदली झालेली असेल आणि तुझी बढती. बोललास तर विभागापासून खालपर्यंत लोक तुला 'कपबशी पगारे' म्हणतील, मरेपर्यंत." साहेबांनी पानाचा डबा उघडला. "मला विचारू नकोस बाबा. मी वहाणा बघणारा माणूस."

रविवारभर मल्हारीला घास गोड लागला नाही. पत्रक त्याला मनापासून आवडत होतं, अजूनही. ते उद्या फाडलं जाईल याची भीती वाटत होती, आणि लोक हसतील याची त्याहून जास्त. आईने विचारलं, काय झालं? तो म्हणाला, काही नाही. हे मात्र तिला बरोबर कळलं, आणि तिने पुन्हा विचारलं नाही.

सोमवारी सोसायटीच्या ओट्यावर टेबल, खुर्च्या, झेंडूचा हार, सगळा थाट होता. विभागाचे साहेब जीपमधून उतरले. सडपातळ, जाड चष्म्याचे, कमी बोलणारे. अर्जदार पंधराही जण हजर होते, सुलाबाई खांबाला टेकून उभ्या. पुंजारामतात्यांनी कडक टोपी सारखी करत भाषण सुरू केलं. टाकेवाडीची माती म्हणजे सोनं आहे, वाडवडिलांनी ती जपली, आणि पगारेसाहेबांसारख्या विद्वान माणसाने आज तिची पारख केली, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या.

"साहेब," मल्हारी उठून म्हणाला, "या चौदाही पिशव्या एकाच खड्ड्यातल्या आहेत."

टाळ्या अर्ध्यातच थांबल्या. मागे कुणीतरी फिसकन हसलं. मल्हारीने थांबायचं नाही असं ठरवलं होतं, कारण थांबला असता तर पुढचं बोलताच आलं नसतं. त्याने खड्डा सांगितला, खारट पाणी सांगितलं, भिकनच्या वावराखाली काय चढतंय ते सांगितलं. त्याचं वावर सगळ्यांत चांगलं, तिथे ही गत असेल तर बाकीच्यांची काय असेल, तेही सांगितलं. पुंजारामतात्या लालबुंद होऊन त्याच्याकडे पाहत होते.

विभागाच्या साहेबांनी चष्मा काढला. "तुमच्या बावीस प्रश्नांत हे कळायची सोय नव्हती?"

"नव्हती. चूक गावाची नाही, माझी आहे. ज्याची जमीन आजारी त्याला पैसे नाहीत, असं मीच लिहून ठेवलं. मग आजार कोण दाखवणार? मला दाखवला एकाच माणसानं, आणि माझ्या पत्रकानं त्यालाच नापास केलं."

"कुणी?"

"सुलाबाईंनी."

सगळ्या माना खांबाकडे वळल्या. सुलाबाईंनी पदर सावरला. गावात आपण वाईट ठरणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"आज पंधरातल्या कुणाला कर्ज द्याल?" साहेबांनी विचारलं.

"त्यांनाच. एकट्यांना. अर्ध्या एकरासाठी. जमीन कुठे बिघडलीय, किती बिघडलीय आणि काय केल्यावर सुधारते, हे अर्जदाराला माहीत आहे अशी ही एकच फाईल आहे. बाकीच्यांनी आधी चर काढायला हवेत. उतार सुलाबाईंच्या वावराकडेच आहे, त्यांच्या चराला सगळ्यांचे चर जोडता येतील. त्यांनी जोडू दिले तर."

"जोडा की!" सुलाबाई खांबापासूनच बोलल्या. "मी कवा आडवलं? तीन वर्सं तेच सांगती, बाईचं ऐकतंय कोन!"

साहेबांनी सुलाबाईंची फाईल मागून घेतली. सगळी वाचली, ठळक अक्षरातल्या नियमासकट. मग खिशातलं पेन काढून तो नियम एका रेघेत खोडला, खाली सही केली आणि फाईल कुलथेसाहेबांकडे सरकवली. पत्रकाचं काय, ते बोलले नाहीत. मल्हारीला विचारायचा धीर झाला नाही.

तेवढ्यात पुंजारामतात्या ताडकन उठले आणि ओट्यावरून उतरून चालू लागले. चेअरमन रागावून गेले, आता पुढे काय, म्हणून सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुलथेसाहेब हळूच म्हणाले, "पगारे, जीपमध्ये बसून घेऊ या का?"

दहा मिनिटांनी तात्या परत आले. डोकं उघडं होतं. त्यांना उघड्या डोक्याने गावाने कधी पाहिलं नव्हतं, बायकांनी चटकन नजर दुसरीकडे वळवली. टोपी त्यांनी दोन्ही हातांत धरली होती, ती तशीच आणून टेबलावर ठेवली. टोपीत माती होती. पांढरीफटक, मिठाचे खडे चमकणारी.

"हिरीपाशी दीड एकर आशी हाय," तात्या म्हणाले. "चार वर्सं झाली. घरात बी कुनाला बोललो नाय."

मल्हारीने एक कोरी पिशवी काढली, टोपीतली माती कणही न सांडता तिच्यात ओतली, आणि चिठ्ठीवर लिहायला पेन उघडून विचारलं, "नाव?"

"पुंजाराम सखाराम शिंदे," तात्यांनी सांगितलं, आणि भिंतीशी बसलेली माणसं एकेक करून उठली, वहाणा पायात सरकवून आपापल्या वावराच्या वाटेला लागली.